प्रेक्षक घटले म्हणून जाहिराती वाढवताय? आधी या चुका टाळा

थिएटरातल्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या की बैठकीतलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "पब्लिसिटी कमी पडली." वाक्य सगळ्यांच्याच सोयीचं आहे. सिनेमा फसलाय हे निर्मात्याच्या तोंडावर म्हणावं लागत नाही, तिकीट महाग झालंय हे थिएटरमालकाला ऐकावं लागत नाही, आणि जाहिरात कंपनीचा माणूस तर समोरच बसलेला असतो. मग बजेट वाढतं, होर्डिंग वाढतात, ट्रेलर दिवसातून चारदा डोळ्यांसमोर यायला लागतो. महिन्याभराने पुन्हा तीच मंडळी आणि तीच बैठक.

जाहिरात निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. पण ते एका ठरावीक दुखण्यावरचं औषध आहे, आणि ते दुखणं आपल्याला आहे का हे न तपासताच डोस वाढवला जातो.

गल्ला बघून प्रेक्षक मोजणं

ही सगळ्यात जुनी चूक. अमेरिकेत २००२ साली दीडशे कोटींहून अधिक तिकिटं विकली गेली. २०१९ मध्ये हा आकडा सव्वाशे कोटींच्या आसपास होता. याच काळात तिकिटांचा गल्ला मात्र नऊ अब्ज डॉलरवरून अकरा अब्जांच्या वर गेला. म्हणजे माणसं जवळपास पाचव्या हिश्श्याने कमी झाली, आणि दर वाढल्यामुळे वहीत सगळं छान दिसत राहिलं. २०२० च्या महामारीने थिएटरं बंद पाडली हे खरंच, पण गळती त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती.

गल्ला बाजूला ठेवा आणि विकलेली तिकिटं मोजा. दर खेळाला किती खुर्च्या भरल्या ते पाहा. आणि मुख्य म्हणजे एकच माणूस वर्षातून किती वेळा येतो ते शोधा, कारण खरी गोष्ट तिथे कळते. महिन्यातून एकदा येणारा आता वर्षातून तीनदा येत असेल, तर तो "गेलेला प्रेक्षक" म्हणून कुठल्याच यादीत दिसत नाही. तो अजून येतोच आहे, फक्त कमी वेळा. नवे प्रेक्षक पकडण्यासाठी केलेली मोहीम त्याच्या डोक्यावरून जाते.

न येणारा प्रत्येक जण एकाच जातीचा समजणं

माझ्या मते सगळा घोळ इथे आहे. न येणाऱ्यांचे निदान चार प्रकार असतात. पहिल्याला सिनेमा लागलाय हेच माहीत नाही. दुसऱ्याला माहीत आहे, पण त्यात त्याला रस नाही. तिसऱ्याला बघायचा आहे, पण वेळ, पैसा, अंतर, लहान मूल, असं काहीतरी आडवं येतं. चौथा येऊन गेलाय आणि "पुन्हा नको रे बाबा" म्हणून परत गेलाय.

जाहिरात खऱ्या अर्थाने फक्त पहिल्यासाठी आहे. दुसऱ्याचं मन एखादा चांगला ट्रेलर कधीकधी वळवतो. तिसऱ्याला दहा वेळा ट्रेलर दाखवून फक्त त्याची चुटपुट वाढते. चौथ्याच्या बाबतीत तर प्रत्येक जाहिरात त्या वाईट संध्याकाळची आठवण करून देते.

आपल्याकडे कुठला प्रकार जास्त आहे हे कळायला मोठी पाहणी लागत नाही. थिएटरच्या आत नव्हे, बाहेर उभे राहा. आतल्यांना विचारून काय उपयोग, ते तर आलेच आहेत! रस्त्यावरच्या पन्नास-साठ जणांना दोनच प्रश्न विचारा: सध्या कोणता सिनेमा लागलाय? आणि शेवटचा सिनेमा थिएटरात कधी पाहिलात, नंतर का नाही गेलात? बहुतेकांना एकाही सिनेमाचं नाव सांगता आलं नाही, तर खुशाल जाहिरात वाढवा, दुखणं तेच आहे. नाव पटकन सांगून "बघू नंतर" म्हणत असतील, तर पैसे होर्डिंगवर टाकू नका. त्या "बघू नंतर"मध्ये काय दडलंय ते खोदून काढा.

तिसऱ्या प्रकारातली माणसं किती असतात याचा अंदाज अमेरिकेत एका दिवसात आला होता. ३ सप्टेंबर २०२२ रोजी तिथल्या हजारो थिएटरांनी तिकीट ३ डॉलरला दिलं. तो वीकेंड एरवी मंदीचा, पडद्यावर नवा मोठा सिनेमा एकही नाही, तरी ८० लाखांहून अधिक माणसं आली. हे सिनेमे लागले आहेत हे त्यांना आदल्या आठवड्यातही माहीतच होतं. अर्थात स्वस्त तिकीट हा कायमचा तोडगा समजू नका. २०१७ मध्ये मूव्हीपास या कंपनीने महिना दहा डॉलरपेक्षा कमी वर्गणीत जवळपास रोज एक सिनेमा देऊ केला. वर्षभरात तीस लाख सभासद झाले आणि २०१९ मध्ये सेवा बंद पडली, कारण प्रत्येक तिकिटाचे पैसे कंपनी स्वतःच्या खिशातून भरत होती. लोकांना सिनेमा नको होता असं नाही, त्या दराला तो देणं कंपनीला परवडत नव्हतं.

दोष बाहेरच्यावर ढकलून घोषवाक्य छापणं

अमेरिकेत थिएटरची गर्दी १९४६ च्या सुमारास शिखरावर होती. पुढच्या दहा वर्षांत ती साधारण निम्म्यावर आली. सगळे टीव्हीकडे बोट दाखवतात, पण १९५० मध्ये तिथे दहा घरांमागे जेमतेम एका घरात टीव्ही होता आणि घसरण त्याआधीच लागली होती. युद्धावरून परतलेली तरुण मंडळी लग्न करून शहराबाहेरच्या नव्या वस्त्यांत राहायला गेली होती, घरात तान्ही मुलं होती, आणि मोठी थिएटरं शहराच्या मध्यात जिथल्या तिथे उभी होती. १९५० मध्ये चित्रपट उद्योगाने त्यावर उपाय काढला तो घोषवाक्याचा. सिनेमे आता पूर्वीपेक्षाही सरस झालेत, अशा आशयाची ओळ देशभर झळकली आणि गर्दी घटतच राहिली. कडेवर मूल असलेल्या आईला सिनेमा सरस झालाय हे सांगून ती दूरवरच्या थिएटरात कशी येणार?

त्याच काळात एक गोष्ट मात्र वाढत होती. गाडीत बसून सिनेमा बघण्याची ड्राइव्ह-इन थिएटरं दशकाच्या अखेरीस चार हजारांवर गेली. ती वस्त्यांच्या जवळ होती आणि मूल मागच्या सीटवर झोपलं तरी चालत होतं.

ब्रिटनची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथे १९४६ मध्ये १६३ कोटी तिकिटं विकली गेली होती. १९८४ मध्ये विकली गेली फक्त ५ कोटी ४० लाख. थिएटरं कळकट, जुनी, एका मोठ्या सभागृहाचे पार्टिशन घालून तीन तुकडे केलेली. १९८५ मध्ये मिल्टन कीन्स इथे दहा पडद्यांचं पहिलं मल्टिप्लेक्स उघडलं आणि तिथून आकडा वर चढू लागला. त्याच वर्षी सिनेमाच्या प्रसारासाठी देशभर "ब्रिटिश फिल्म इयर" ही मोहीमही झाली, त्यामुळे श्रेय कोणाचं यावर वाद घालता येतो. मी मल्टिप्लेक्सच्या बाजूने आहे. मोहीम संपल्यानंतरही, नवे पडदे उभे राहत गेले तसतशी गर्दी पुढची पंधरा वर्षं वाढत राहिली. हं, मोहिमेने एवढं मात्र केलं असेल: नवं थिएटर उघडलंय हे लोकांना कळवलं. कळवण्यासारखं काही असलं की जाहिरात कामाला येते, ती अशी.

सगळा पैसा पहिल्या तीन दिवसांवर ओतणं

या सवयीचं मूळ बहुतेक जण "जॉज" या हॉलिवूडपटापर्यंत नेतात. जून १९७५ मध्ये तो एकाच दिवशी चारशेहून अधिक थिएटरांत लागला आणि त्याआधी सलग तीन रात्री टीव्हीवर ऐन गर्दीच्या वेळी त्याच्या जाहिराती झाल्या. धडा सगळ्यांनी अर्धाच घेतला. तो सिनेमा पुढे कित्येक आठवडे चालत राहिला तो बघून आलेल्यांनी इतरांना पाठवलं म्हणून. जाहिरातीने दार उघडलं, पुढची रांग तोंडी प्रसिद्धीने लावली.

जाहिरातीचा जोर बहुधा एवढंच करतो, की पुढच्या आठवड्यात येणारा माणूस या शुक्रवारी येतो. गर्दी अलीकडे सरकते, वाढत नाही. म्हणून ओपनिंगच्या आकड्यावर नाचण्याआधी सोमवार पाहा, मग दुसरा शनिवार-रविवार. ओपनिंग दणक्यात आणि सोमवारी शुकशुकाट, असं दोन-तीन सिनेमांच्या बाबतीत लागोपाठ होत असेल, तर जाहिरात तुमचं नुकसान करते आहे. ट्रेलरमध्ये विनोदी दाखवून आत रडगाणं निघालं, की फसलेला माणूस पुढच्या ट्रेलरवरही विश्वास ठेवत नाही. आणि तो पुढचा ट्रेलर दुसऱ्याच निर्मात्याचा असतो, बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

आपल्या पैशाने दुसऱ्याची जाहिरात करणं

पूर्वी सिनेमा थिएटरात लागल्यापासून घरी पोचायला काही महिने जात. अमेरिकेत ही मुदत बराच काळ साधारण ९० दिवसांच्या आसपास होती. जुलै २०२० मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओ आणि एएमसी या थिएटर साखळीने असा करार केला, की १७ दिवसांनंतर सिनेमा घरबसल्या भाड्याने देता येईल. हे एकदा प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलं की जाहिरातीचा अर्थच बदलतो. तो होर्डिंग बघतो, सिनेमा आवडेलसा वाटतो, आणि मनात म्हणतो, "थोडं थांबू, येईलच घरी." जाहिरात शंभर टक्के यशस्वी, फक्त तिकीट विकलं गेलं नाही!

स्टुडिओला हे चालून जातं, पैसा या नाही तर त्या दाराने त्याच्याकडेच येतो. थिएटरवाल्याला चालत नाही. म्हणून प्रचाराच्या खर्चात वाटा उचलण्याआधी थिएटरवाल्याने मुदतीचा प्रश्न टेबलावर ठेवावा. आणि जाहिरातीत सिनेमाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत हे यावं, की इथे येऊन बघण्यात घरापेक्षा वेगळं काय आहे. वेगळं काही नसेल तर पुढचा भाग वाचा.

आतली अवस्था न बघता बाहेर बोर्ड रंगवणं

पडद्यावरच्या उजेडाचं एक माप ठरलेलं आहे: पांढऱ्या चित्राला प्रति चौरस मीटर सुमारे ४८ कँडेला (कँडेला हे उजेड मोजायचं एकक). प्रोजेक्टरचा दिवा आयुष्य संपल्यावरही ताणला, किंवा थ्रीडीसाठी बसवलेली काच साध्या सिनेमाच्या वेळी काढायची राहिली, की उजेड याच्या खूप खाली जातो. एका थिएटरात रात्रीचं एक अख्खं दृश्य मी अंदाजाने पाहिलं आहे. बाहेर येऊन तक्रार केली तर "सिनेमाच तसा डार्क आहे" असं उत्तर मिळालं. त्या थिएटरची भलीमोठी जाहिरात येताना वाटेत लागली होती.

एएमसीने २०२१ मध्ये अभिनेत्री निकोल किडमनला घेऊन थिएटरच्या जादूवर एक जाहिरात काढली. गाजली, लोकांनी तिची मजेदार नक्कल केली, काही जण पडद्यासमोर तिला सलामही ठोकू लागले. ती टीव्हीवरही झळकली. पण सर्वात जास्त प्रेमाने तिला पाहिलं ते आधीच तिकीट काढून खुर्चीत बसलेल्यांनी.

म्हणून जाहिरातीच्या बजेटचा एक तुकडा तोडून आधी उजेड, आवाज, स्वच्छता आणि मोबाइल चाळणाऱ्यांना आवरणारा एक माणूस यांवर खर्च करा. फोटोत हे काहीच दिसत नाही, त्यामुळे बैठकीत कोणी मागतही नाही.

रिकाम्या फळीची जाहिरात

२०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक मे महिन्यापासून आणि कलाकार जुलैपासून संपावर गेले. चित्रीकरणं अडली, सिनेमे पुढे ढकलले गेले, आणि २०२४ च्या पहिल्या काही महिन्यांत थिएटरांकडे लावायला पुरेसं काही नव्हतं. अशा वेळी गर्दी घटली तर त्यावर प्रचाराचा इलाज नाही. गाजलेले जुने सिनेमे पुन्हा लावा, खेळ कमी करा, पैसा राखून ठेवा.

परिणाम मोजताना गेल्या वर्षाशी तुलना

गेल्या वर्षी याच आठवड्यात कोणता सिनेमा होता, परीक्षा होत्या की सुट्ट्या, यानेच आकडा इकडचा तिकडे होतो. त्यापेक्षा एकसारखी दोन थिएटरं निवडा, सिनेमा तोच आणि वेळाही त्याच. एकीकडे जाहिरात वाढवा, दुसरीकडे नेहमीचीच ठेवा, आणि निदान चार आठवडे तिकिटं मोजा. फरक पहिल्याच आठवड्यात दिसून नंतर भरपाई झाल्यासारखा उलटा फिरला, तर तुम्ही गर्दी फक्त अलीकडे ओढली होती. फरक टिकला तर बजेट वाढवायला हरकत नाही. फरकच पडला नाही तर ते थांबवणं कठीण जातं, कारण मग बैठकीत म्हणायला काही उरत नाही.

शेवटी एक छोटी, फुकटात होणारी दुरुस्ती. बऱ्याच ठिकाणी सिनेमा सुरू होण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं जाहिराती आणि ट्रेलर चालतात. थिएटरला त्यातून पैसे मिळतात, ते बंद करा असं मी म्हणणार नाही. पण ऑफिसातून धावतपळत आलेला माणूस घड्याळाकडे बघत जाहिराती बघतो, तेव्हा तिसऱ्या प्रकारातला प्रेक्षक चौथ्या प्रकारात जात असतो. तिकिटावर खेळाच्या वेळेशेजारी मूळ सिनेमा किती वाजता सुरू होतो तेही छापा.