सीएमएलमध्ये इमॅटिनिबची गोळी कशी घ्यावी

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजेच सीएमएल, या रक्ताच्या कर्करोगावर इमॅटिनिब २००१ पासून वापरात आहे. निदान पक्के झाले आहे आणि रक्तविकारतज्ज्ञांनी डोस लिहून दिला आहे, असे धरून पुढचे वाचा. क्रॉनिक अवस्थेतल्या प्रौढांना बहुधा रोज ४०० मिलिग्रॅम देतात. आजार पुढच्या अवस्थेत गेला असेल तर ६०० किंवा त्याहून जास्त. हा आकडा घरी ठरवायचा नसतो.

दुकानातून गोळ्या घेताना पाकिटावरचे मिलिग्रॅम तिथेच वाचा; १०० आणि ४०० दोन्ही मिळतात. कंपनी वेगळी निघाली तर डॉक्टरांच्या कानावर घाला, पण ‘स्वस्त गोळी म्हणजे कमअस्सल’ हे मनातून काढून टाका. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला. आज भारतात अनेक कंपन्या हे औषध रीतसर बनवतात.

गोळी दिवसातल्या सर्वांत भरपेट जेवणासोबत, मोठा पेलाभर पाण्याने घ्या आणि पुढचे दोन तास आडवे होऊ नका. ‘सकाळी अनशापोटी घेतली की जास्त लागू पडते’ असे सांगणारे भेटतात. या औषधाने पोटाचा आतला पडदा चुरचुरतो, आणि रिकाम्या पोटी घेतली की मळमळ ठरलेली. एकादशीला साबुदाण्याची खिचडी किंवा भगर पोटभर खाऊन घेतली तरी चालते, निर्जळी उपास मात्र नको. गिळता येत नसेल तर ४०० ची गोळी पेलाभर, साधारण २०० मिली पाण्यात टाका, विरघळेपर्यंत ढवळा आणि लगेच प्या. फुटलेली गोळी गरोदर बाईने हाताळू नये. औषध चालू असताना दिवस राहणे टाळायचे असते, त्यामुळे मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

खरी अडचण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येते

सुरुवातीला लाखाच्या वर गेलेल्या पांढऱ्या पेशी काही आठवड्यांतच सात-आठ हजारांवर येतात. प्लीहा ओसरते, भूक लागते, माणूस कामावर जातो. सीबीसीचा रिपोर्ट पाहून घरातले म्हणतात, ‘आता सगळं नॉर्मल आहे.’ मग गोळ्या चुकायला लागतात: लग्नाला गेलो, पाकीट घरी राहिले, पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून रविवारी सुट्टी, महिनाअखेर पैसे पुरले नाहीत म्हणून दिवसाआड. या टप्प्यावर ढिलाई करू नका.

सीबीसी रक्तातल्या पेशी मोजते. आजाराचे मूळ असलेला बीसीआर-एबीएल हा जनुक अस्थिमज्जेत अजून किती उरला आहे, ते तिला दिसत नाही. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला इमॅटिनिब अडवून धरते, तेही रक्तात पुरेसे औषध असेल तोवरच. साधारण १८ तासांत औषधाची पातळी निम्मी होते. ती वारंवार खाली गेली की आजारी पेशींना पुन्हा वाढायला वाव मिळतो, आणि वाढताना काहींत असे बदल होतात की गोळी त्यांच्यावर चालतच नाही. त्यातला टी-३१५-आय नावाचा बदल झाला तर डॅसॅटिनिब आणि निलोटिनिब ही याच गटातली नंतरची औषधेही निकामी ठरतात.

लंडनमध्ये ८७ रुग्णांच्या गोळ्यांच्या बाटल्यांना चिप असलेली झाकणे लावून बाटली केव्हा उघडली हे तपासले होते. त्याचा अहवाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांत आजार अपेक्षित खोलीपर्यंत दबण्याची सहा वर्षांतली शक्यता सुमारे ९४ टक्के होती, त्याहून कमी घेणाऱ्यांत सुमारे २८. ९० टक्के म्हणजे महिन्याला फक्त तीन गोळ्या चुकणे! ‘एखाद-दुसऱ्या गोळीने काय होतंय’ असे म्हणणाऱ्याला हा आकडा ऐकवा.

एखादी चुकलीच तर त्याच दिवशी आठवताच खाऊन घ्या. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर ती सोडा. दोन एकदम कधीही नाही. उलटी झाली तरी स्वतःहून दुसरी घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. डोळ्यांभोवती सूज, पायात गोळे, मळमळ यांवर उपाय असतात, त्यामुळे त्रास सांगा, गोळी गाळू नका. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १,००० च्या खाली किंवा प्लेटलेट ५०,००० च्या खाली गेल्या तर डॉक्टरच काही दिवस थांबवतात आणि संख्या सावरली की पुन्हा सुरू करतात. ते वेगळे.

दर तीन महिन्यांनी पीसीआर, म्हणजे बीसीआर-एबीएल किती उरला आहे ते मोजणारी रक्ततपासणी करा, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, आणि रिपोर्ट ‘आयएस’ या आंतरराष्ट्रीय मापात आहे ना ते पाहा. बीसीआर-एबीएलचे प्रमाण तीन महिन्यांना १० टक्के, सहाला १ आणि वर्षाला ०.१ किंवा त्याहून कमी हवे. ०.०२ चे ०.०४ झाले म्हणून झोप उडवून घेऊ नका. इतका फरक तपासणीतही पडतो.

पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद. टीबीची रिफॅम्पिसिन आणि फिटची फेनिटोइन, कार्बामॅझेपिन ही औषधे इमॅटिनिबची पातळी पाडतात, क्लॅरिथ्रोमायसिन चढवते. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पाकीट दाखवा. गुळवेलीचा काढा नको: २०२०-२१ मध्ये मुंबईत त्याने यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले गेले, आणि इमॅटिनिबचा भारही यकृतावरच असतो.

दोन-तीन दिवसांत वजन दोनेक किलोंनी वाढले, धाप लागली, ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा शौचाला काळे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गोळी कायमची थांबवण्याचा विचार काही वर्षे औषध घेऊन आणि त्यातली किमान दोन वर्षे आजार अगदी खोल दबलेला राहिल्यावरच होतो. थांबवल्यावर सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर लागते, कारण जवळपास निम्म्या लोकांत आजार परततो, बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांतच. तेव्हा वेळीच गोळी पुन्हा सुरू केली की तो बहुधा परत आटोक्यात येतो.