हिवाळ्यात सायकल चालवताय? या चुका टाळा, म्हणजे वाटेत निवांत थांबता येईल

धुकं विरळ व्हायला लागतं, कोवळं ऊन रस्त्यावर तिरपं पडतं आणि कुंपणाच्या तारेवरचं दव एकेक थेंब करून गळू लागतं. अशा वेळी सायकल बाजूला लावावी आणि दहा मिनिटं नुसतं उभं राहावं. हिवाळ्यात हौसेनं सायकल चालवणाऱ्याची खरी कमाई ती हीच. पण बहुतेकांच्या वाट्याला ती येत नाही. थांबलं की दोन मिनिटांत पाठीवरचा घाम गार पडतो, हुडहुडी भरते आणि लगेच घरचा रस्ता धरावा लागतो. माझे पहिले दोन हिवाळे असेच गेले. किलोमीटर भरपूर झाले, पण वाटेत काय पाहिलं ते आठवत नाही.

तेव्हापासून हिवाळ्यातल्या फेरीला मी एकच कसोटी लावतो: मनात येईल तिथं दहा मिनिटं न काकडता थांबता आलं का? खालच्या सगळ्या चुका त्याच कसोटीवर निवडल्या आहेत. शर्यतीची तयारी करणाऱ्यांची गणितं वेगळी असतात, हे त्यांच्यासाठी नाही.

घरातून निघतानाच ऊबदार वाटणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि बाकीच्या निम्म्या चुका हिच्यातूनच निघतात. दाराबाहेर पाऊल टाकलं की गारठा जाणवतो, म्हणून आपण आणखी एक स्वेटर चढवतो. पायडल मारताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा चाक फिरवायला लागतो. उरलेल्या ऊर्जेची अंगातच उष्णता होते. म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत आतली शेगडी पेटणारच आहे. त्यावर जाड स्वेटर असला की घाम येतो, घामानं कपडे भिजतात, आणि पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगानं उष्णता ओढून नेतं. थांबल्यावर जी थंडी भरते ती बाहेरच्या हवेपेक्षा आपल्याच घामाची जास्त असते.

म्हणून निघताना थोडं गार वाटलंच पाहिजे. बाहेर 8 अंश असतील तर 14 अंश आहेत असं समजून कपडे घाला. पहिली दहा मिनिटं खांदे आक्रसतील, तेवढं सोसा.

अंगालगतचा कपडा सुती नको. सुती बनियन घाम पिऊन बसतं आणि वाळायचं नावच घेत नाही. पातळ लोकर किंवा व्यायामाचा कृत्रिम धाग्याचा टीशर्ट बरा. लोकरीची गंमत अशी की ती आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा धाग्यात सामावून घेते आणि तरी हाताला फारशी ओली लागत नाही. त्यावर हवा धरून ठेवणारा एक मऊ थर आणि सर्वात वर वारा अडवणारं पातळ जाकीट. वारा समोरून येतो, त्यामुळे छाती झाकलेली आणि पाठ श्वास घेणारी असेल तर उत्तम. पूर्वीचे शर्यतपटू घाटमाथ्यावरून उतरताना वर्तमानपत्राची घडी जर्सीच्या आत छातीशी सरकवायचे. ती युक्ती आजही तितकीच चालते, मी दोनदा वापरली आहे.

चढ दिसला की जाकिटाची चेन उघडा, घाम आल्यावर नव्हे. उताराच्या आधी माथ्यावरच ती गळ्यापर्यंत ओढा.

आपला अंदाज बरोबर होता का, हे घरी आल्यावर कळतं. आतला कपडा उलटा करून पाठीचा भाग दोन बोटांत धरा. दमट असेल तर ठीक. पिळता येण्याइतका ओला असेल तर पुढच्या वेळी एक थर कमी. मी एका छोट्या वहीत तापमान, वारा आणि काय घातलं होतं ते लिहून ठेवतो. तिसऱ्या आठवड्यापासून कपाटासमोर उभं राहून विचार करायची वेळ येत नाही, वही उघडली की झालं.

वाऱ्याकडे पाठ करून निघणं

निघताना वारा पाठीशी असला की सायकल पळते आणि मन खूश होतं. परतताना मात्र अंग घामेजलेलं, पाय थकलेले आणि वारा तोंडावर. याच्या उलट करा: जाताना वाऱ्याला तोंड द्या, येताना तो पाठीवर घ्या.

कॅनडा आणि अमेरिकेच्या हवामान यंत्रणांनी 2001 मध्ये वाऱ्यामुळे भासणारी थंडी मोजायचं नवं सूत्र स्वीकारलं. त्यानुसार 5 अंश तापमानात ताशी 20 किलोमीटरचा वारा अंगावर आला तर उघड्या कातडीला सुमारे 1 अंश असल्यासारखं वाटतं. बाहेर वारा पडलेला असला तरी ताशी 20 च्या वेगानं सायकल चालवताना हा वारा आपणच तयार करत असतो. फार गार वाटायला लागलं तर वेग कमी करा आणि हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवा. वारा घटतो, अंगातली उष्णता मात्र तयार होत राहते.

थांबल्यावर आधी चेन उघडणं

थांबलं की अंग गरम लागतं, म्हणून हात आपसूक जाकिटाच्या चेनकडे जातो. इथंच गडबड होते. पाय थांबले की उष्णता तयार होणं झपाट्यानं कमी होतं, पण घाम वाळत असतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. सायकल स्टँडवर लावल्यावर पहिलं काम म्हणजे पिशवीतलं जास्तीचं जाकीट चढवणं. गरम वाटत असलं तरी. थर्मास त्यानंतर, फोटो त्याच्याही नंतर.

जागाही पारखून घ्या. वाऱ्याच्या आडोशाला आणि ऊन येईल अशा भिंतीशी उभं राहिलं की त्याच हवेत केवढा फरक पडतो! दगडावर किंवा लोखंडी बाकावर थेट बसू नका. फोमचा वहीएवढा तुकडा सीटच्या मागे बांधून ठेवायची मला सवय लागली आहे. सगळ्या सामानात हलकी वस्तू तीच, आणि सर्वात जास्त सुखही तीच देते.

बोटं बधिर होतात त्याचं कारण हातमोज्यात शोधणं

गारठा वाढला की शरीर धडाची ऊब राखायला हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं. म्हणून बोटं गार पडत असतील तर आधी छाती, मान आणि डोकं झाकलं आहे का ते पाहा. गळ्याभोवती पट्टा आणि हेल्मेटखाली पातळ कानटोपी घातली की पुष्कळदा तेच हातमोजे पुरतात.

दुसरं कारण घट्टपणा. ऊब राखते ती कापडात अडकलेली हवा. एकावर एक दोन पायमोजे चढवून पाय बुटात कोंबला की ती हवा पिळून निघते आणि रक्तही नीट पोचत नाही. एकच जाडसर लोकरी मोजा घाला आणि बुटात बोटं हलतील एवढी जागा ठेवा. हँडलवरची मूठ आवळलेली असेल तर तीही सैल करा.

तरीही बधिर झालीच तर सायकलवरून उतरा आणि पाच मिनिटं ती हातानं ढकलत चाला. पायांत जीव येतो. हातांसाठी खांद्यापासून मोठी वर्तुळं फिरवा किंवा पंजे काखेत धरा. कढत पाण्याखाली धरू नका. बधिर कातडीला चटका कळत नाही आणि भाजतं. गोठवणाऱ्या थंडीत कातडी पांढरी, मेणासारखी दिसू लागली आणि ऊब देऊनही जाणीव येत नसेल, तर घरगुती उपाय सोडून डॉक्टरकडे जा.

याच बधिर बोटांनी मला एकदा चांगलं शिकवलं. पंक्चर झालं होतं. टायर रिमवरून सोडवायची पट्टी हातातून दोनदा सुटली, व्हॉल्व्हचं टोपण गवतात पडलं आणि ओल्या गवतात ते चाचपताना होती नव्हती ती ऊब गेली. दहा मिनिटांचं काम पाऊण तास चाललं. त्यानंतर मी घरी बसून, पातळ हातमोजे घालून, टायर काढायचा आणि घालायचा सराव केला. चार वेळा केला की हात आपोआप चालतो. छोटं गॅसचं नळकांडं वापरून हवा भरत असाल तर तेही हातमोजे घालूनच धरा. गॅस बाहेर पडताना ते इतकं गार होतं की उघडी बोटं चिकटतात.

वेग घटला म्हणून दम कमी झाला असं मानणं

हिवाळ्यात सरासरी वेग उतरला की बरेच जण हिरमुसतात आणि मग त्वेषानं पायडल मारून घाम काढतात. परत पहिलीच चूक. 20 अंशांची हवा शून्यावर आली की ती साधारण सात टक्के दाट होते, म्हणजे त्याच वेगाला अडथळाही तेवढाच वाढतो. थंडीत टायरचं रबर कडक होतं, कपडे फुगतात. तुमच्या पायांत काही बिघडलेलं नसतं. हिवाळ्यात किलोमीटर मोजण्यापेक्षा वेळ मोजा. दीड तास बाहेर होतो, बस.

टायरमध्ये मागच्या महिन्यातली हवा

40 पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) टायरमध्ये तापमान 10 अंशांनी उतरलं की जवळपास 2 पीएसआय कमी होतात, आणि ट्यूबमधून रोज थोडी झिरपते ती वेगळी. आठवड्यातून एकदा दाब मोजायच्या गेजनं पाहा. घरात, उबेत हवा भरली असेल तर बाहेर ती थोडी उतरणार हे धरून चाला. उलट टोकाची चूक म्हणजे टायर दगडासारखा टणक करणं. रस्ता ओला असताना किंचित मऊ टायर पकड चांगली देतो.

दव पुसायचं राहून जाणं

फेरीनंतर आपण कुडकुडत आत येतो आणि सायकल भिंतीला टेकवून मोकळे होतो. चेनवर दव, चिखल तसाच. रस्त्यावर मीठ टाकत असतील तर गंज आणखी लवकर धरतो. थंड सायकल उबदार खोलीत आणली की धातूवर हवेतली वाफ जमते, तीही ध्यानात ठेवा. कोरड्या फडक्यानं चेन, रिम आणि ब्रेकच्या रबरी पॅडवरून एक हात फिरवायला दोन मिनिटं लागतात.

चेन किरकिर करत असेल तर गंज सोडवायचा पातळ स्प्रे मारून गप्प बसवू नका. तो आतलं उरलंसुरलं तेल धुऊन काढतो आणि दोन दिवसांत पुन्हा आवाज सुरू. आधी पुसा, मग ओल्या हवेसाठीचं जाडसर चेन ऑइल प्रत्येक कडीला एक थेंब, थोडा वेळ मुरू द्या आणि वरचं जास्तीचं पुसून टाका. पुसायचं विसरलात तर त्याच तेलावर धूळ बसून लापशी होते. जोराच्या फवाऱ्यानं धुणं मात्र टाळा, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं.

दिवा फक्त अंधारासाठी आहे असं समजणं

धुक्यात दिवसाही मागचा लाल दिवा चालू हवा. पुढचा दिवा थोडा खाली झुकवा, वर रोखला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. घोट्यावर परावर्तक पट्टी बांधा. पायडलबरोबर ती वर-खाली होते आणि गाडीवाल्याला लांबूनच कळतं की पुढे सायकल आहे. सूर्य खाली असताना तुमची सावली लांब पुढे पडत असेल, तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन आहे. त्याला आपण दिसत नाही असंच धरून चालवा.

थंडीत बॅटरी लवकर संपल्यासारखी वाटते, उबेत आली की पुष्कळशी भरून येते. मोबाइल आतल्या खिशात ठेवा. शून्याखाली गारठलेली लिथियम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, ती आतून कायमची खराब होऊ शकते.

निसरड्यावर ब्रेक दाबणं

ओली पानं, रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणं आणि जिथं पाणी गोठतं तिथं बर्फाचा पारदर्शक थर: या सगळ्यांवर एकच नियम. हँडल सरळ, पुढचा ब्रेक सोडलेला, पाय शांत. वेग आधीच कमी करून ठेवा. पुलावर वरून आणि खालून दोन्हीकडून गार हवा लागते, म्हणून बाकी रस्ता कोरडा असतानाही तिथं बर्फ धरलेला असू शकतो. शंका आली की उतरून चाला.

आणि पाणी. थंडीत तहान कमी लागते, पण प्रत्येक उच्छ्वासाबरोबर दिसते ती वाफ तुमच्याच अंगातली असते. दर वीस मिनिटांनी दोन घोट घ्या, कोमट असेल तर आपसूक प्यायलं जातं.

मागच्या रविवारी थर्मासचं झाकण उघडलं तेव्हा समोरच्या फांदीवर एक चिमणी पिसं फुगवून चेंडूसारखी गोल होऊन बसली होती. पिसांमध्ये हवा धरून ऊब राखायची तिची रीत आणि जाकिटाखालच्या मऊ थराची रीत एकच. ऊन तिच्यापर्यंत पोचायला बराच वेळ लागला. पोचलं तशी तिनं अंग झटकलं, पिसं बसवली आणि उडून गेली. घरी येऊन वहीत लिहिलं: 6 अंश, धुकं, वारा नाही. दोन थर पुरले. पाठ दमट, ओली नाही. थांबलो 14 मिनिटं.