हिवाळ्यानंतर तळ्याकाठचं घर उघडताना

हिवाळाभर कुलपात असलेलं लाकडी घर वसंतात उघडलं, की पहिला हात जातो रंगाच्या डब्याकडे. तो आवरा. गळती लगेच दिसत नाही, एखादी रात्र जावी लागते. म्हणून पाणी शनिवारी सकाळीच सुरू करायचं.

पण आत शिरण्याआधी घराभोवती एक फेरी मारा. उचकटलेला पत्रा, पानांनी तुंबलेली पन्हळ, धुराड्यात पक्ष्याने केलेलं घरटं: दिसेल त्याचा फोटो काढून ठेवा. घरटं असेल तर शेकोटी पेटवायची नाही.

मग दारं-खिडक्या सताड उघडा आणि अर्धा तास बाहेरच थांबा. घर बंद होतं म्हणजे उंदरांनी संसार थाटला असणारच. त्यांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका. त्या धुळीतून हंताव्हायरस या विषाणूचा आजार होऊ शकतो. हातमोजे घालून 1 भाग ब्लीच आणि 9 भाग पाणी फवारा, 5 मिनिटं भिजू द्या, मग कागदाने पुसून घ्या. वायरी कुरतडलेल्या दिसल्या तर मेन स्विचला हात लावू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आता पाणी. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं, त्यामुळे पाइपात थोडं जरी राहिलं असेल तरी तो फुटलेला असू शकतो. सगळे नळ बंद करा, सर्वांत लांबचा एक तेवढा उघडा ठेवा, म्हणजे हवा निघून जाईल. मेन कॉक पाव फेरा फिरवा आणि कान द्या. भिंतीआड सूं-सूं ऐकू आलं तर लगेच बंद. काही आवाज नसेल तर हळूहळू पूर्ण उघडा आणि प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवा. बोटाला न लागणारा थेंब कागदावर डाग पाडतो.

गीझरची घाई करू नका. गरम पाण्याच्या नळाला फुरफुर न करता सलग धार लागली, की टाकी भरली. एकदा मी चहाच्या तंद्रीत आधीच बटण दाबलं. रिकाम्या टाकीतलं एलिमेंट जळलं आणि दोन दिवस भांडी गार पाण्याने घासली.

धुराच्या आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचे सेल बदला. गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले तर सिलिंडर बंद करा.

दुपारी होडीच्या धक्क्याकडे वळा. फळी वरून ठणठणीत दिसते. कूज बहुधा स्क्रूच्या भोकाशी आणि कापलेल्या टोकाशी सुरू होते, कारण पाणी तिथूनच मुरतं. स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. लोण्यात सुरी जावी तसा आत गेला, तर फळी बदलायचीच. नवी बसवताना आधी बारीक भोक पाडून घ्या, नाहीतर टोक चिरतं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे वापरा आणि दोन फळ्यांमध्ये साधारण 5 मिलिमीटर फट ठेवा.

रंग? या खेपेला नाहीच. ओलसर लाकडावर लावलेल्या रंगाचे पापुद्रे सुटतात आणि तेच काम पुन्हा करावं लागतं.

रविवारी जेवण झालं, की पाना-पक्कड पेटीत. नव्या फळीवर खुर्ची टाका, पाय सोडून बसा. पोहण्याचा मोह मात्र नको. ऊन कडक असलं तरी तळं सावकाश तापतं. बर्फ नुकताच वितळला असेल तर पाणी 4 अंशांच्या आसपास असतं. 15 अंशांखालच्या पाण्यात उडी मारली, की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर संपलंच. होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट घालूनच.

निघण्याआधी सांध्यांखालचे कागद एकदा चाळा. जिथे डाग असेल तिथल्या पाइपाचं माप त्याच कागदावर लिहून खिशात घाला. कागद कोरडे असले तरी गीझर आणि मेन कॉक बंद करूनच कुलूप लावा.