प्रदूषणाचे सेन्सर: पिवळा दिवा लागल्यावर काय तपासायचं, काय जपायचं

डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर ‘ऑक्सिजन सेन्सर’ असं काहीतरी नाव येतं, काही हजारांचा सेन्सर बदलला जातो आणि आठवड्याभरात दिवा पुन्हा हजर होतो. कोडमध्ये ज्याचं नाव आलं तोच खराब, या समजुतीपायी हे सर्रास घडतं. बऱ्याचदा सेन्सर बरोबरच सांगत असतो. बिघाड असतो चिरलेल्या होजमध्ये, हिरव्या पडलेल्या कपलरमध्ये (वायरींच्या जोडात), नाहीतर उंदराने कुरतडलेल्या वायरीत. चोर सोडून संन्याशाला सुळी, त्यातला हा प्रकार. म्हणून पाना हातात घेण्याआधी काय काय बघायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे.

कोण काय मोजतं

पेट्रोल गाडीत साधारण दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाच्या) आधी, तो पुढचा सेन्सर; दुसरा त्याच्या नंतर, तो मागचा. पहिल्याच्या सांगण्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल कमी-जास्त करतो. दुसरा फक्त कन्व्हर्टर काम करतोय की नाही यावर नजर ठेवतो. इंजिनात हवा किती आली हे आपल्याकडच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅप सेन्सर इनटेकमधल्या दाबावरून काढतो, तर डिझेल गाड्यांत मास एअर फ्लो सेन्सर मोजतो. यांच्या जोडीला कूलंटचं तापमान सांगणारा सेन्सर असतो. तो स्वस्त आहे, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजणारा सेन्सर, सायलेन्सरमधले तापमानाचे सेन्सर आणि काही गाड्यांत नॉक्स (नायट्रोजनचे ऑक्साइड) मोजणारा सेन्सर अशी भर पडते.

आधी दिवा वाचा

चावी ऑन केल्यावर हा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. जुनी गाडी घेताना हे नक्की बघा. चावी ऑन करूनही दिवा लागत नसेल, तर कोणीतरी तो बंद करून ठेवलेला असू शकतो.

दिवा स्थिर असेल तर घाबरायचं कारण नाही, एक-दोन दिवसांत तपासणी करा. दिवा उघडझाप करत असेल आणि गाडी मिसिंग मारत असेल, तर मात्र ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते. खंबाटकी किंवा पसरणी घाटात चढावर ‘वर पोचू आणि मग बघू’ म्हणत गाडी रेटली, तर एका इग्निशन कॉइलच्या खर्चात भागणारं काम कन्व्हर्टरवर जातं.

२०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं ओबीडी-२ सॉकेट असतं. हजार रुपयांच्या आत मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं ॲप एवढ्यावर घरगुती तपासणी होते. कोड दिसला की लगेच पुसू नका. आधी कोड लिहून घ्या आणि त्याच्या जोडीची ‘फ्रीझ फ्रेम’ उघडा. दिवा लागला त्या क्षणी वेग, आरपीएम, तापमान आणि लोड किती होतं ते तिथे दिसतं. कोड पुसला किंवा बॅटरीची वायर काढली की ही माहिती जाते.

इंजिन सुरू न करता होणारी पहिली चाचणी

चावी ऑन, इंजिन बंद. ॲपवर मॅप सेन्सरचा आकडा बघा. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो आणि तो दाब गावाच्या उंचीप्रमाणे बदलतो. साताऱ्यात तो ९३ किलोपास्कलच्या आसपास, सांगलीत ९५ च्या जवळ आणि महाबळेश्वरला ८६-८७ दिसायला हवा. पुस्तकात लिहिलेला १०१ हा आकडा समुद्रकिनाऱ्याचा आहे. साताऱ्यात उभ्या गाडीत १०१ किंवा ८० दिसला, तर मॅप सेन्सर, त्याची वायरिंग किंवा नळी संशयित. एक-दोन किलोपास्कलचा फरक सोडून द्या. इंजिन सुरू करून गरम झाल्यावर, एसी बंद ठेवून, आयडलिंगला हाच आकडा साधारण ३० ते ४० वर यायला हवा.

रात्रभर उभ्या गाडीत सकाळी आणखी एक गोष्ट बघून घ्या. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं हवं. डिसेंबरात हवा १५ अंश आणि कूलंट ४० दाखवत असेल, तर त्या सेन्सरवर विश्वास नको. गाडी तापल्यावर कूलंट ८५ ते ९५ अंशांदरम्यान स्थिरावतो. तो ६५-७० वरच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट तपासा. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायची खोड काही गॅरेजमध्ये अजून आहे. मग ईसीयूला इंजिन कायम थंडच वाटतं, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि दोष ऑक्सिजन सेन्सरच्या माथी मारला जातो.

फ्युएल ट्रिम: सगळ्यात उपयोगी आकडा

ॲपमध्ये शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म असे दोन फ्युएल ट्रिम दिसतात. ठरलेल्या हिशेबापेक्षा ईसीयूला किती टक्के पेट्रोल वाढवावं किंवा कमी करावं लागतंय, ते हे आकडे सांगतात. दोन्हींची बेरीज अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक.

बेरीज अधिक २० वगैरे असेल, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, तर पी०१७१ हा कोड येतो. आता गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून २५०० आरपीएमवर धरा. आयडलिंगला आकडा मोठा आणि २५०० वर तो जवळपास नॉर्मल झाला, तर कुठूनतरी चोरहवा आत येतेय. इनटेकच्या पॅकिंगपाशी, ब्रेक बूस्टरच्या नळीवर, पीसीव्ही होजच्या (इंजिनातली वाफ इनटेककडे नेणाऱ्या नळीच्या) वळणावर बोट फिरवून बघा. रबर वरून धड दिसतं, पण वाकवलं की खालच्या बाजूची चीर उघडते. उलट, आयडलिंगला ठीक आणि चढावर लोड घेताना आकडा वाढत असेल, तर पेट्रोल पंप किंवा फिल्टर पुरेसं इंधन देत नाही. आकडा उणे बाजूला गेला असेल तर गळका इंजेक्टर, चुकीचा आकडा देणारा मॅप किंवा कूलंट सेन्सर असा शोध घ्या.

पंपावर हल्ली ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवा १४.७ भाग लागते, ई-२० ला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागणार. ई-१० धरून बनवलेल्या गाडीत लाँग टर्म ट्रिम चार-पाच टक्क्यांनी वर सरकलेला दिसला, तर तो इंधनाचा परिणाम आहे. त्यासाठी सेन्सर बदलू नका.

ऑक्सिजन सेन्सर जिवंत आहे का?

इंजिन पूर्ण गरम करा. पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज बघत आरपीएम २५०० वर धरा. साध्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टदरम्यान भराभर वर-खाली व्हायला हवं. मग ॲक्सिलरेटर झटक्यात दाबा आणि सोडा. दाबल्यावर ०.८ च्या वर आणि सोडल्यावर शून्याच्या जवळ आलं, की सेन्सर जिवंत आहे, बिघाड दुसरीकडे शोधा. ०.४५ वर खिळून बसला असेल तर आधी वायर आणि कपलर बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या प्रकारचा, एअर-फ्युएल रेशो सेन्सर असतो. तो असा झोके घेत नाही. तिथे ॲपवर लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, १ म्हणजे प्रमाण बरोबर) १ च्या आसपास दिसतो का ते बघायचं.

मागच्या सेन्सरचं व्होल्टेज साधारण ०.६-०.७ ला शांत हवं. तोही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टर थकला आहे. पी०४२० (कन्व्हर्टरचा कोड) आला म्हणून मागचा सेन्सर बदलणं हा बहुधा वाया गेलेला खर्च. मात्र कन्व्हर्टरवर शिक्का मारण्याआधी सायलेन्सरच्या पुढच्या जोडावर काळे ओघळ आहेत का, फट-फट आवाज येतो का ते तपासा. तिथल्या फटीतून हवा आत ओढली जाते आणि दोन्ही सेन्सर फसतात. पी०१३५ असेल तर पुढच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट गेलंय. आधी फ्यूज, मग मल्टिमीटरने हीटरच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स. काही ओहम दाखवले तर हीटर शाबूत, काहीच दाखवलं नाही तर आतली तार तुटली.

बदलायची वेळ आलीच, तर असं करा:

१. इंजिन थोडं गरम असताना काम करा, हात भाजेल इतकं नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, चुड्यांवर (सेन्सरच्या आट्यांवर) गंज सोडवणारं तेल मारून पंधरा मिनिटं थांबा.

२. कपलर आधी सोडवा. मग २२ मिमी पाना किंवा खाच असलेला खास सॉकेट वापरा. जोर लावूनही हलला नाही तर पुन्हा तेल मारा. चुड्या गेल्या तर खर्च सेन्सरपेक्षा मोठा होतो.

३. निघालेल्या सेन्सरचं टोक उजेडात बघा. सुकी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरी, वाळूसारखी खरखरीत पूड म्हणजे सिलिकॉन, बहुधा कोणीतरी पॅकिंगला लावलेलं चुकीचं सीलंट. तेलकट काळा थर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. कारण न शोधता नवा सेन्सर बसवला तर तोही तसाच होईल. पेट्रोल किंवा थिनरमध्ये बुडवून सेन्सर ‘साफ’ करण्याचा उद्योग करू नका, त्याने तो कामातून जातो.

४. नव्या सेन्सरच्या चुड्यांवर कंपनीने पेस्ट लावलेली असते, त्यावर दुसरं काही लावू नका. पार्ट नंबर जुन्याशी जुळवा. हाताने शेवटपर्यंत फिरवा, मग साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटरला आवळा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

ऊस, उंदीर आणि कृष्णेचं पाणी

गळीत हंगामात वाळवा, मिरज, कराडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांमागे चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर लवकर भरतो. मॅन्युअलमधलं अंतर गुळगुळीत रस्त्यांसाठीचं असतं. इथे दर पाच हजार किलोमीटरला फिल्टर काढून बघा. हवा मारताना आतून बाहेर मारा. डिझेलच्या मास एअर फ्लो सेन्सरची तार केसासारखी असते. त्यासाठी फक्त याच कामाचा स्प्रे वापरा, कापूस किंवा ब्रश लावू नका, आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. कार्बोरेटर क्लीनर इथे चालत नाही.

ऊस तुटला की उंदीर घराकडे वळतात आणि उभ्या गाडीचं बोनेट त्यांना सोयीचं वाटतं. कुरतडलेली वायर जोडताना एक बारकावा पाळा. ऑक्सिजन सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची हवा लागते, आणि ती बऱ्याच सेन्सरांत वायरींच्या आतूनच पोचते. म्हणून सेन्सरच्या बाजूच्या वायरी सोल्डर करू नका, दाबून बसवायचा क्रिंप जोड वापरा. त्याच कारणाने कपलरमध्ये ग्रीस कोंबू नका. गाडीच्या बाजूची वायर मात्र सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी चढवली तर चालते.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीत किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलं आहे. सायलेन्सरच्या वर पाणी चढलेली गाडी स्टार्ट करून बघू नका. टो करून न्या, गाडीखालचे सगळे कपलर उघडा, कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा आणि वाळवा. पिनेवर हिरवट थर दिसला तर तो आज ना उद्या कोड देणारच. एरवीही वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा कपलरवर मारू देऊ नका. लांबून आलेल्या, तापलेल्या सायलेन्सरवर तर मुळीच नको, आतली सिरॅमिक तडकते.

बीएस-६ डिझेल असेल तर

डीपीएफमधली काजळी जाळायला सायलेन्सरमध्ये ५५०-६०० अंश तापमान लागतं. रोज सांगली-मिरज दहा किलोमीटर आणि सिग्नल, एवढ्या चालीत ते मिळत नाही. डीपीएफचा दिवा लागला तर पेठ नाक्याकडून महामार्गाला लागा, किंवा साताऱ्याहून कराडच्या दिशेने निघा, आणि ६० ते ८० च्या वेगाने, आरपीएम दोन हजारांच्या वर ठेवून वीस-तीस मिनिटं न थांबता चालवा. मध्येच गाडी बंद केली की जळण्यासाठी सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका, ऑइल बदला. ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेलं, कमी राखेचंच हवं. ऑइलची राख जाळून जात नाही.

डीपीएफच्या दाबाच्या सेन्सरला दोन रबरी नळ्या असतात. इंजिन बंद, चावी ऑन असताना आकडा शून्याजवळ नसेल, तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग बिघडली आहे. शून्य बरोबर असूनही चालू इंजिनात आकडे पटत नसतील, तर नळ्या चिरलेल्या किंवा तुंबलेल्या असतात. सेन्सरपासून सोडवूनच नळीत हवा मारा, सेन्सरमध्ये कॉम्प्रेसरची हवा गेली तर तो फुटतो. ज्या गाड्यांना डीईएफ (धुरातले नॉक्स कमी करणारं युरियाचं द्रावण) लागतं, त्यात सीलबंद डबाच ओता. गोठ्यामागच्या पोत्यातला युरिया पाण्यात कालवून भागणार नाही. शेतीच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा थर असतो, आणि डीईएफमध्ये ३२.५ टक्के शुद्ध युरिया लागतो.

पीयूसीची पावती फेकू नका

पेट्रोल गाडीच्या पावतीवर निदान छापलेलं असतं. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाडीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. २५०० आरपीएमच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर पेट्रोल जास्त जातंय. तो कमी पण हायड्रोकार्बन जास्त, तर मिसिंग: प्लग, कॉइल बघा. दोन्ही ठीक आणि फक्त लॅम्डा १.०३ च्या वर, तर सायलेन्सरला भोक आहे का ते आधी बघा, वेल्डिंगवर काम भागेल. केंद्रावर जाण्याआधी गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून न्या, थंड कन्व्हर्टर चांगल्या गाडीलाही नापास करतो. दर वर्षीच्या पावत्या एकत्र ठेवा. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेत असूनही ०.०२ वरून ०.१५ वर चढत आला असेल, तर दिवा लागायची वाट न बघता फ्युएल ट्रिम उघडा.