पहिली गाडी जुनी घेताय? मग आधी चाकं उघडून बघा

2024 च्या जूनमध्ये मी 2011 ची अल्टो घेतली, 1,15,000 रुपयांना. पक्कं लायसन हातात येऊन तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. घर नाशिकच्या जेल रोडला, नोकरी अंबडच्या एमआयडीसीत. पावसाळ्यात स्कूटीवरून द्वारकेचा चौक ओलांडायचं म्हणजे रोज जीव मुठीत. त्यात आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून तिला मागे बसवून दवाखान्यातसुद्धा नेता येत नव्हतं. नवी गाडी परवडण्यासारखी नव्हती आणि कर्ज काढायचं नव्हतं. आता कंपनीतली नवी मुलं, मावसबहीण, शेजारचा कॉलेजातला मुलगा, सगळे एकच विचारतात: जुनी घेऊ का, आणि घेतली तर काय काय करून घ्यावं लागतं? त्यांना तोंडी जे सांगते तेच इथे नीट लिहून काढतेय.

आधी पैशांचं. माझ्याकडे दीड लाख होते. त्यातले 35,000 मी बाजूला काढले आणि उरलेल्यात बसेल तीच गाडी बघायची असं ठरवलं. पूर्ण दीड लाखाची गाडी घेतली असती तर ती थोडी नवी दिसली असती, पण दुरुस्तीला हातात काही राहिलं नसतं. जुन्या गाडीची किंमत दोन हप्त्यांत द्यावी लागते, एक मालकाला आणि एक गॅरेजला. दुसरा हप्ता धरला नाही की माणूस गुळगुळीत टायरवर वर्षभर गाडी चालवत राहतो.

अल्टोच्या आधी एका ठिकाणी दुसरी एक गाडी जवळजवळ पक्की केली होती. रंग चकचकीत, सीटकव्हर नवी, आतून अत्तराचा वास. भाव बाजारापेक्षा वीसेक हजारांनी कमी. इसार द्यायला पर्स उघडली होती, तेवढ्यात सोबत आलेल्या मामाने ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. वरचा पट्टा स्वच्छ होता. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मात्र मातीची तपकिरी रेघ होती, पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहते तशी. मग त्याने सीट पुढे सरकवून खालचे रूळ दाखवले. बोल्ट गंजून फुगलेले. कार्पेटचा कोपरा उचलला तर खाली बारीक गाळ वाळून बसलेला.

आपल्या नाशिकमध्ये हे तपासलंच पाहिजे. गोदावरीला पाणी आलं की पात्रातल्या दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली यावरून आपण पुराचा अंदाज घेतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये किती पाणी होतं ते सगळ्यांनी बघितलंय. अशा पाण्यात राहिलेली गाडी बाहेरून धुऊन-पुसून उभी करता येते, पण वायरिंगच्या जोडांत शिरलेला ओलावा हळूहळू तांबं खात राहतो. मग कधी काच खाली होत नाही, कधी हेडलाइट आपोआप बंद. नव्या ड्रायव्हरला रात्रीच्या रस्त्यावर हे परवडत नाही.

अल्टो मिळाली ती इंदिरानगरच्या एका निवृत्त शिक्षकांकडे. त्यांना फोनवरच सांगून ठेवलं होतं की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गरम इंजिन बरेच दोष लपवतं, थंड इंजिन पहिल्या सेल्फला काय करतं ते बघायचं असतं. सुरू झाल्यावर मागे जाऊन धूर बघितला. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. दाट पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत शिरतंय. (थंडीत सकाळी सुरुवातीला थोडी वाफ येते, तिला घाबरू नका.) ऑइलचं झाकण उघडून खालून बघितलं. तिथे दुधाळ कॉफीसारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची शंका घ्यायची आणि मेस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे बोलायचं नाही. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांवरून फिरवलं. डाव्या मागच्या दाराला ते चिकटेना, म्हणजे तिथे लांबी (पत्र्याचा खड्डा बुजवायची पुट्टी) भरलेली होती. सरांनी लगेच सांगितलं, सोसायटीच्या खांबाला घासली होती. एका दाराची लांबी चालते. छताला किंवा बोनेटच्या आतल्या पट्ट्यांना वेल्डिंग दिसलं तर मात्र परत फिरा.

मीटर 78,000 किलोमीटर दाखवत होतं. मीटर मागे फिरवता येतं, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका. सरांकडे सर्व्हिसच्या पावत्या होत्या, त्यांवरचे आकडे वर्षागणिक चढत गेलेले दिसले. पावत्या नसतील तर क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर बघा. तीस हजार चाललेल्या गाडीचं रबर झिजून गुळगुळीत होत नाही.

गाडी घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी वडाळा रोडच्या एका छोट्या गॅरेजमध्ये नेली. मी तोपर्यंत मनात यादी केली होती: म्युझिक सिस्टिम, सीटकव्हर, दाराचा रंग. गॅरेजवाल्या चाचांनी यादी ऐकून घेतली, काही बोलले नाहीत, जॅक लावला आणि चारही चाकं खोलली. मग मला हाक मारली, "बेटी, इकडं ये, बघून घे." मागच्या उजव्या चाकाचा ड्रम काढला तर आतले ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे, ओले होते. त्या शूंना ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल झिरपून शूला लागत होतं, त्यामुळे त्या चाकाचा ब्रेक जवळपास लागतच नव्हता. आदल्या दिवशी जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढली होती. मला वाटलं होतं माझंच स्टेअरिंग नीट धरलेलं नाही. चाचा म्हणाले, "पळत नाही म्हणून लोक गाडी घेऊन येतात. थांबत नाही म्हणून कुणी येत नाही."

त्या एका वाक्याने माझी यादी बदलली. आणि नवशिक्याला मला सांगायचंय ते हेच आहे. अनुभवी माणूस गाडीचा दोष पायाला, हाताला जाणवून ओळखतो आणि सांभाळून घेतो. आपल्याला गाडी नीट असताना कशी वागते हेच माहीत नसतं, त्यामुळे तिचा दोष आपल्याला आपलाच वाटतो. म्हणून आपल्याकडे आली की गाडी आधी निर्दोष थांबली पाहिजे, मग आपण तिच्यावर शिकायचं.

ब्रेकचं काम असं झालं: मागची दोन्ही व्हील सिलिंडर, चार शू, पुढचे पॅड, आणि ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवीन. जुनं ऑइल काळ्या चहासारखं होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. गावात फिरताना हे कळत नाही. कसारा घाट उतरताना मात्र सतत ब्रेकवर पाय राहिला की चाकांशी उष्णता वाढते, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, आणि घाटात दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

नंतर टायर. माझ्या चारही टायरांची खोबणी बऱ्यापैकी खोल होती, म्हणून मला ते चांगले वाटले होते. चाचांनी बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे बोटाने दाखवले: 3515. म्हणजे 2015 सालचा पस्तिसावा आठवडा. नऊ वर्षांचं रबर, आणि वाकवून बघितलं तर बाजूला बारीक भेगा. खोबणी 1.6 मिलिमीटरवर आली की टायर संपला हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण कमी चालणारी गाडी वयाने टायर संपवते. स्टेपनीवर तर 2011 चाच आकडा होता. चार नवीन घेतले, 145/80 आर 12. जुन्यांतला त्यातल्या त्यात बरा स्टेपनीला ठेवला, तोही फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत जायला. मग अलाइनमेंट-बॅलन्सिंग. इथे दहा-बारा हजार गेले आणि मला एका रुपयाचंही वाईट वाटलं नाही.

समोरचा रस्ता नीट दिसण्याच्या गोष्टी स्वस्त असतात आणि सगळे त्याच टाळतात. वायपरची रबरं, हेडलाइटचे बल्ब, पिवळ्या पडलेल्या काचांचं पॉलिश, सगळं मिळून दीड हजारांच्या आत. पहिल्याच पावसात, द्वारकेच्या कोंडीत समोरून ट्रकचे लाइट अंगावर येत असताना, काच एका फटकाऱ्यात स्वच्छ झाली तेव्हा हे दीड हजार वसूल झाले.

क्लच मला आधी कळला नव्हता. पेडल अगदी वर आल्यावर गाडी उचलायची. तपासायची सोपी पद्धत चाचांनी दाखवली: मोकळ्या जागी, पुढे कुणी नसताना, हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच हळू सोडायचा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट धरतेय. माझं इंजिन तसंच गुरगुरत राहिलं. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असा पूर्ण सेट बदलला. त्याच वेळी टायमिंग बेल्टही बदलून घेतला, कारण आधी कधी बदलला याची पावती नव्हती आणि तो चालत्या गाडीत तुटला तर इंजिन जागच्या जागी बंद पडतं. पेट्रोलचे रबरी पाइप कडक झाले होते, तेही बदलले. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इतक्या जुन्या गाड्यांचं रबर त्याचा विचार करून बनवलेलं नाही. रेडिएटरमध्ये निव्वळ नळाचं पाणी होतं, गंजाने तांबूस झालेलं. ते काढून धुऊन कूलंट भरलं.

एकूण 31,000 झाले. म्युझिक सिस्टिम आजही नाही. दाराची लांबी तशीच आहे.

दुरुस्तीने गाडी चालवायला शिकवलं, हे कुणी मला आधी सांगितलं नव्हतं. लायसन मिळाल्यावर तिसऱ्या आठवड्यात होळकर पुलावरून मालेगाव स्टँडचा चढ चढताना पुढची रिक्षा थांबली. मागे बस. ब्रेकवरचा पाय काढून ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत मामाची गाडी हातभर मागे गेली आणि बसवाल्याने हॉर्न वाजवला. तेव्हापासून मी तो चढ टाळायचे. अल्टोचा हँडब्रेक मागच्या ड्रमवरच चालतो. शू नवे झाले, केबल ओढून घेतली, तेव्हा चार-पाच 'कट-कट' आवाजांत तो घट्ट धरायला लागला. मग एका रविवारी पहाटे सहाला मी एकटी त्याच चढावर गेले. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच इतकाच वर की बोनेट किंचित उचललं जातं आणि इंजिनचा आवाज जड होतो. तिथे पाय स्थिर ठेवायचा, थोडा ॲक्सिलरेटर, आणि मग हँडब्रेक खाली. गाडी एक बोटभरही मागे आली नाही. अकरा वेळा केलं. प्लेट आणि शू बदलताना डोळ्यांनी बघितले होते, त्यामुळे पायाखाली नेमकं काय होतंय ते समजत होतं.

डिसेंबरमध्ये बॅटरीने दगा दिला. निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली त्याच आठवड्यात, सकाळी सेल्फ मारला तर नुसती टिकटिक. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि घट्ट झालेलं ऑइल इंजिनला फिरू देत नाही, दोन्ही एकदम. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास असावी, इंजिन चालू असताना 14 च्या जवळपास. चालू असतानाही आकडा वर जात नसेल तर दोष अल्टरनेटरकडे असतो, नवी बॅटरी टाकून उपयोग नाही. गॅरेजवाल्याला मीटर लावून दाखवायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

कागदांत मी एकच चूक केली. विमा माझ्या नावावर करायला उशीर केला. गाडी घेतल्यापासून 14 दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्यांच्याकडेच राहतो, तो गाडीसोबत येत नाही, म्हणून हप्ता वाढला तर दचकू नका. मालकी बदलासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. बाकी चलनं ऑनलाइन बघता येतात, ती मालकाकडून सौद्याआधीच भरून घ्या. 1 एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का तेही बघा.

आणि आरसीवरची तारीख. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. चौदाव्या वर्षी स्वस्तात मिळालेली गाडी वर्षभरात पासिंगला उभी करावी लागते, तिथे फी, पर्यावरण कर आणि तपासणी हे सगळं आलं. पास झाली की पुढची पाच वर्षं मिळतात. माझी गाडी 2026 च्या जूनपर्यंत आहे. मुदत संपायच्या आत 60 दिवसांत अर्ज करता येतो, म्हणून चाचांनी एप्रिलमध्येच खालचा पत्रा, सायलेन्सर आणि पुढचे बॉल जॉइंट बघायला बोलावलंय. मग पेठ रोडच्या आरटीओला जायचं, मालेगाव स्टँडच्या चढावरून.