पायरी आधी मोजा

आमचं चर्च नगर जिल्ह्यातल्या एका गावात. चौतीस घरांची मंडळी, पत्र्याचं छप्पर, पुढे कडुनिंब. मी निवृत्त नर्स आणि गेली सहा वर्षं मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीची सेक्रेटरी. चर्चला येणं सुटलेली माणसं आमच्याकडे परत येऊ लागली, तेव्हा आजूबाजूच्या दोन-तीन मंडळ्यांनी विचारलं, "तुम्ही हे सगळं केलं कसं?" म्हणून लिहिते आहे. फार काही केलेलं नाही, पण चुका भरपूर केल्या, आणि त्या तुमच्या कामाला येतील.

सुरुवात वर्गणीपासून करू नका, नोंदवहीपासून करा. मंडळीची नोंदवही उघडून मागच्या तीन महिन्यांत उपासनेला एकदाही न आलेल्यांची नावं वेगळी काढा. आमची अकरा निघाली. मग घरोघरी जा, पण पाळकसाहेबांना, म्हणजे धर्मगुरूंना, सोबत नेऊ नका. साहेब दारात उभे राहिले की सगळ्यांची तब्येतच बरी नसते. दोन बायकांनी जावं, रविवार सोडून, संध्याकाळी भाकरी टाकायच्या आधी. "का येत नाही?" असं विचारलंत तर तो जाब होतो. "येताना काय अडचण पडते?" असं विचारा, चहा घ्या आणि गप्प बसा. खरं कारण दुसऱ्या कपाला बाहेर येतं.

आमच्या एक मावशी आठ महिने आल्या नव्हत्या. कापणीच्या सणाच्या लिलावात त्यांच्या भोपळ्याला कोणी बोली लावली नाही म्हणून रुसल्या, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यावर विनोदही झाले, मीही हसले. घरी गेल्यावर कळलं की गुडघे गेलेत आणि चर्चच्या दोन पायऱ्या चढवत नाहीत. चढायला हात धरावा लागतो, आणि तो सगळ्यांसमोर धरायची लाज वाटते. आयुष्यभर लोकांचे गुडघे तपासलेली बाई मी, आणि मला हे दिसलं नव्हतं.

म्हणून रॅम्प. इथे घाई करू नका. आमच्या गवंड्याने जागा बघून पाच फुटांचा उतार ठोकून दिला. व्हीलचेअर त्यावरून वर जाईना, आणि पोरांना मात्र घसरगुंडी मिळाली. तो फोडून पुन्हा बांधावा लागला. हिशोब सोपा आहे: जेवढी उंची, त्याच्या किमान बारा पट लांबी. आमच्या दोन पायऱ्या सतरा-सतरा सेंटिमीटरच्या, म्हणजे चौतीस. गुणिले बारा, चारशे आठ सेंटिमीटर, साडेतेरा फुटांच्या आसपास. सरळ जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा घेऊन वळवा. रुंदी चार फूट ठेवा. वर दारासमोर खुर्ची थांबेल आणि वळेल एवढी सपाट जागा हवी, नाहीतर एक हात चाकावर आणि दुसरा दाराच्या कडीवर अशी कसरत होते. गुळगुळीत फरशी अजिबात नको. ओल्या सिमेंटवर खराट्याने आडव्या रेघा ओढून घ्या, पावसाळ्यात पाय सरकत नाही. दोन्ही बाजूंना पाइप लावा, कारण सगळ्यांचा उजवाच हात चांगला असतो असं नाही.

आत आल्यावर माणूस बसणार कुठे, हेही ठरवा. बहुतेक ठिकाणी खुर्ची सगळ्यात पुढे नेऊन ठेवतात, जणू सत्कारमूर्ती, किंवा सगळ्यात मागे चपलांजवळ. आम्ही मधल्या रांगेतला एक बाक सुताराकडून अडीच फूट कापून घेतला. आमच्याकडे अजून बायका डावीकडे आणि पुरुष उजवीकडे बसतात. तो बाक मधल्या वाटेला लागून आहे, त्यामुळे खुर्चीवरचा माणूस आपल्या माणसांच्या शेजारी बसतो.

ऐकू कमी येणाऱ्यांसाठी आम्ही आधी मोठा स्पीकर आणला. पैसे वाया गेले, नुसता घुमायचा. अडचण वेगळीच होती. प्रवचनाला उभं राहतात त्या पुलपिटच्या मागे खिडकी, त्यामुळे बोलणाऱ्याचं तोंड अंधारात, ओठ दिसत नसत. खिडकीला जाड पडदा लावला आणि समोरून एक बल्ब सोडला. गीतं आणि शास्त्रपाठ ए-फोर कागदावर वीसच्या टाइपात छापून ठेवले. ते फक्त म्हाताऱ्यांना वाटले तर कोणी घेत नाही. सगळ्यांना वाटा.

प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घ्यायच्या विधीबद्दल, थोडं सविस्तर. आमच्यातले एक दादा दारू सोडून दोन वर्षं झालेली, पण प्रभुभोजनाच्या रविवारी घरीच राहायचे. प्याल्याचा नुसता वास आला तरी त्यांना भीती वाटे. आता पाळकसाहेबांच्या संमतीने आम्ही मनुक्यांचा रस करतो. पाव किलो काळे मनुके दोनदा धुऊन लिटरभर पाण्यात शुक्रवारी रात्री भिजत घालायचे. शनिवारी त्याच पाण्यात मंद आचेवर अर्धा तास उकळायचे, पळीने ठेचायचे आणि थंड झाल्यावर मलमलच्या फडक्यातून पिळून गाळायचे. साखर घालू नका. फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात ओट्यावर राहिला तर सकाळपर्यंत फसफसतो, आणि मग ज्याच्यासाठी केला त्याच्यापुढेच ठेवता येत नाही. सगळ्यांना एकच रस द्यायचा. "हा दादांचा वेगळा पेला" असं केलंत की संपलं. गुडघे टेकता न येणाऱ्यांना जागेवर आणि सगळ्यांच्या आधी द्या, उरलेलं म्हणून शेवटी नव्हे.

आता अवघड गोष्ट. अकरापैकी एका घराने सांगितलं, "आमच्या हातचा चहा तुमच्यातले काहीजण घेत नाहीत." अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आलं. माणसं महारवाड्यातून आली, मांगवाड्यातून आली, मोजकी वरच्या म्हणवणाऱ्या घरांतूनही आली. बाप्तिस्म्याच्या पाण्यात जात धुऊन जाते म्हणतात. आमच्याकडे ती काठावर अंग वाळवत बसलेली होती. यावर प्रवचन दिलं तर सगळे माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी काही बदलत नाही. आम्ही प्रीतिभोजनाचा, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणाचा, स्वयंपाक पाळीवर टाकला. नोंदवहीतल्या क्रमानेच पाळी येणार, अदलाबदल नाही, पंगत एकच, पेले एकसारखे. पहिल्या वेळी दोन घरं उपास आहे म्हणून आली नाहीत. उपास आम्ही चालू दिला, पाळी बदलली नाही. पाचव्या महिन्यात उपास आपोआप सुटला. मंडळी फुटते की काय, अशी भीती मात्र मला त्या पाच महिन्यांत रोज वाटली, ती लपवत नाही.

ज्याला आत आणाल, त्याला काम द्या. यावर मी कमिटीत भांडले आहे. "बिचाऱ्याला कशाला त्रास" म्हणणारे पुष्कळ भेटतात. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुली-बायकांना नुसतं जेवू घातलं नाही. मराठी बायबलचे खिळे जुळवण्याचं आणि छपाईचं काम त्यांच्याच हातांनी झालं. आमच्याकडे एका ताईंचा मुलगा ऑटिस्टिक आहे. ढोलकी सुरू झाली की कान दाबून ओरडायचा, म्हणून ताई येत नसत. आता त्याची जागा मागच्या दाराजवळ आहे. ढोलकी वाजायच्या आधी त्याला खूण करतात, तो बाहेर निंबाखाली जातो आणि गीत संपलं की परत येतो. घंटाही तोच वाजवतो. ठोके बारा द्यायचे असतात, तो कधीकधी चाळीस देतो. कोणी थांबवत नाही.

सेवा म्हणाल तर ती चर्चच्या भिंतीबाहेरची. आमच्या भागातून दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला जातात आणि म्हातारी माणसं मागे राहतात, सगळ्या जातिधर्मांची. वीस घरांत मूठधान्याचा डबा आहे. स्वयंपाकाआधी एक मूठ ज्वारी-बाजरी त्यात पडते. महिन्याला तीस किलोच्या आसपास जमते. धान्य पोहोचवताना दोन कामं हमखास निघतात: औषधाच्या गोळ्या दिवसाप्रमाणे लावून देणं आणि तहसीलचे कागद. सरकारचा महिन्याचा पगार, म्हणजे पेन्शन, मिळवायला पासष्टच्या पुढे श्रावणबाळ, त्याआत निराधार असेल तर संजय गांधी योजना. वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आणि बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना ते आधी बघा. अर्धे पगार तिथेच अडकतात. दरवर्षी हयातीचा दाखला लागतो, तो विसरला की पैसे बंद, म्हणून आमच्या वहीत प्रत्येकाचा महिना लिहिलेला आहे. दिव्यांग प्रमाणपत्रावर चाळीस टक्के किंवा जास्त असेल तरच सवलती मिळतात, त्यामुळे तपासणीला सोबत कोणीतरी जाणतं माणूस पाठवा.

धान्याच्या पिशवीत धर्मप्रचाराची पत्रिका टाकायची नाही. यावर चर्चा नको. एकदा कोणीतरी उत्साहात टाकली, आणि समोरच्या आळीतल्या आजींनी पिशवी तशीच परत पाठवली. बरोबर केलं त्यांनी. नंतर मी स्वतः जाऊन माफी मागितली, तेव्हा त्यांनी बाजरी ठेवून घेतली आणि मला शेंगा दिल्या.

मावशींकडे आता दानार्पण मोजायचं काम आहे. रॅम्प झाल्यावर पहिल्या रविवारी त्या पाइप धरून हळूहळू वर आल्या, दारात थांबल्या, मागे वळून तो साडेतेरा फुटांचा उतार बघितला आणि म्हणाल्या, "एवढं सिमेंट घालण्यापेक्षा माझा भोपळा घेतला असता तर स्वस्तात पडलं असतं."