जुने शिकारपट दाखवताना या चुका टाळा

शंभर वर्षांपूर्वीचे शिकारीचे, मासेमारीचे, जनावरं पकडण्याचे छोटे मूकपट आता मोबाइलवर सहज मिळतात. फिल्म क्लबात, शाळेत, ट्रेकिंगवाल्यांच्या संमेलनात ते लावलेही जातात, पण बहुतेक वेळा चुकीच्या वेगाने.

माणसं तुरुतुरु धावताना दिसली की प्रेक्षक हसतात. दोष चित्रपटाचा नसतो. तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत आणि सेकंदाला साधारण १६ फ्रेम (सुटी चित्रं) टिपल्या जात. बोलपट आल्यावर २४ चा वेग ठरला. हजार फुटांचं ३५ मिमीचं रीळ १६ च्या वेगाने जवळपास पावणेसतरा मिनिटं चालतं, तेच २४ ने अकरा मिनिटांत संपतं. गळाला लागलेल्या माशाला दमवत दमवत काठाशी आणण्यात जो धीर लागतो, तो मग पडद्यावर उरतच नाही.

संगणकावरच्या व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.६७ करून बघा. पण त्याआधी ‘ई’ ही कळ दाबत एकेक फ्रेम पुढे सरकवा. ठरावीक अंतराने तीच फ्रेम दोनदा येत असेल, तर वेग कुणीतरी आधीच सुधारलेला आहे. आणखी कमी केलात तर माणसं चिखलातून पाय ओढत चालल्यासारखी दिसतील. १६ हा आकडाही पक्का नाही, कारण दांडा फिरवणाऱ्याचा हात कधी जलद, कधी संथ चाले. मी पाण्याकडे बघतो. मासा उसळला की उडालेले शिंतोडे खाली यायला जेवढा वेळ आज लागतो, तेवढाच तेव्हाही लागत होता. ते नीट पडताना दिसेपर्यंत वेग हलवत राहायचं.

भर उन्हात कंदील घेऊन सापळा बघायला निघालेला माणूस दिसला तर दिग्दर्शकाला नावं ठेवू नका. रात्रीचे प्रसंग दिवसा टिपून प्रिंटला निळा रंग देत असत. पुढे कृष्णधवल नक्कल काढताना तो निळा गेला आणि रात्रीचा दिवस झाला. चित्र ताणून रुंद पडदा भरणं ही चूक तर रोजची. मासे फुगतात, होड्या चपट्या होतात. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात.

कुणाच्या माळ्यावर खरंखुरं रीळ सापडलं, तर ते प्रोजेक्टरवर चढवू नका. १९५० च्या आसपासपर्यंत ३५ मिमीची फिल्म बहुधा नायट्रेटची असे. ती भडकन पेटते आणि पाण्यानेही विझत नाही. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत आपले कितीतरी जुने चित्रपट अशाच फिल्मवर जळून गेले. डबा उन्हापासून, उष्णतेपासून दूर ठेवा आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.

आता सगळ्यात मोठी चूक. एक तर सगळं खरं मानायचं, नाहीतर सगळं बनावट म्हणून मोकळं व्हायचं. नॉर्डिस्क या डॅनिश चित्रपट कंपनीच्या ओले ओल्सेन यांनी १९०७ मध्ये हॅम्बुर्गच्या हागेनबेक या प्राणी-व्यापाऱ्याकडून दोन म्हातारे सिंह विकत घेतले, डेन्मार्कमधल्या एका लहानशा बेटावर नेले आणि आफ्रिकेतली शिकार म्हणून कॅमेऱ्यासमोर गोळ्या घालून मारले. डॅनिश न्यायमंत्र्यांनी बंदी घातली, म्हणून चित्रपट आधी स्वीडनमध्ये लागला. त्याच्या २५९ प्रती विकल्या गेल्या. त्यातली आफ्रिका खोटी होती, सिंहांचं मरण खरं होतं.

१९०९ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आफ्रिकेत शिकारीला गेले, तेव्हा शिकागोच्या सेलिग चित्रपट कंपनीने त्यांच्यासारखा दिसणारा नट उभा करून स्टुडिओतच शिकार उरकली. तिथेही सिंह खरोखर मारला गेला. याउलट ब्रिटिश वन्यजीव छायाचित्रकार चेरी किअर्टन यांनी रूझवेल्टना प्रत्यक्ष आफ्रिकेत टिपलं. १९१० मध्ये बफेलो जोन्स या अमेरिकी माणसाने घोड्यावरून फास टाकून गेंडा आणि सिंहीण पकडली, तीही किअर्टन यांच्याच कॅमेऱ्यासमोर. कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेतल्या इनुइट लोकांवरच्या १९२२ च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ या पूर्ण लांबीच्या चित्रपटात तर दोन्ही प्रकार आहेत. वॉलरसची शिकार खरी, पण बर्फाखालच्या सीलशी चाललेली ओढाताण म्हणजे कॅमेऱ्याबाहेर दोर ओढणारी माणसं.

म्हणून प्रसंग बघताना कॅमेऱ्याची जागा शोधा. जनावर ‘अचानक’ जिथून बाहेर येतं, तिथेच तो आधीपासून रोखलेला आहे का? माणूस आणि जनावर एकदा तरी एकाच फ्रेममध्ये येतात का? एवढ्याने निकाल लागत नाही, पण चित्रणामागची गोष्ट शोधायची कुठून ते कळतं.

डेन्मार्कचा तो सिंहाचा चित्रपट मी एकदा सहावीच्या मुलांना काहीच न सांगता दाखवला होता. दिवे लागल्यावर एका मुलीने विचारलं, “सर, तो सिंह उठला ना नंतर?” तेव्हापासून मुलांसमोर असं काही लावायच्या आधी मी शिक्षकांना अख्खा चित्रपट दाखवतो, आणि सिंह खरंच मारले होते हे मुलांना सुरुवातीलाच सांगतो. ज्याला बाहेर बसायचं असेल त्याने बसावं.